रेडीच्या पुढे, फेरीच्या अलीकडे: तेरेखोलचे दिवस

बुधवार

महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि समुद्राच्या कडेने बोट खाली खाली नेत राहा, मालवण गेलं, वेंगुर्ला गेलं, शिरोडा गेलं, मग रेडी येतं आणि तिथे आपलं राज्य संपतं. बहुतेकांना वाटतं की इथे हद्द म्हणजे तेरेखोल नदी, अलीकडे आपण आणि पलीकडे गोवा, आणि बऱ्याच भागात ते खरंही आहे, पण मुखाजवळ येता येता ही हद्द नदी सोडून उत्तर काठावर चढते आणि रेडीच्या बाजूने समुद्रात उतरते, आणि त्यामुळे नदीच्या आपल्या बाजूला गोव्याचा एक छोटासा तुकडा राहतो. त्या तुकड्यात तेरेखोल नावाचं गाव आहे. किल्ला सगळ्यांना माहितीये, फोटोही सगळ्यांनी बघितलेत, गावाबद्दल मात्र कोणी काही लिहीत नाही. मला ते गाव बघायचं होतं.

मैत्रिणीच्या मामांचं घर रेडीत, त्यामुळे राहायचा प्रश्नच नव्हता. सकाळी सावंतवाडी रोडला उतरलो, स्टेशन शहराबाहेर आहे, तिथून रिक्षाने एसटी स्टँड आणि मग मळेवाड-आजगावमार्गे शिरोड्याची गाडी. मार्च संपत आलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू, आणि खिडकीतून तो बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, आंबट-गोड उग्र वास सतत आत येत होता. जिकडेतिकडे अंगणात काजूबिया वाळत घातलेल्या. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

मामींनी जेवायला ओल्या काजूगरांची उसळ, उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं तिरफळं घालून आणि सोलकढी असं केलं होतं. यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर पुढचं राहून जाईल.

संध्याकाळी शिरोड्याची मिठागरं बघायला गेलो. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, दांडीची गोष्ट आपण शाळेत घोकतो पण आपल्याच कोकणातल्या शिरोड्याला लोक कुठून कुठून चालत आले, मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगात गेले, हे कितीजणांना माहिती असतं? मिठागरं अजून चालू आहेत. भरतीचं खारं पाणी आधी मोठ्या कोंडीत घ्यायचं, तिथून लहान लहान वाफ्यांत सोडत न्यायचं, ऊन पाणी आटवत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं, मग ते ओढून बांधावर ढीग लावायचे. सगळं काम उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांचं, एखादा वळवाचा पाऊस अवेळी पडला की तयार मीठ विरघळून जातं. बांधावर काम करणाऱ्या बायकांचे पाय मी बघितले, खाऱ्या पाण्याने भेगाळलेले. त्या म्हणाल्या की पोरं आता ह्या कामाला येत नाहीत, आणि मला तरी त्या पोरांना नावं ठेवावीशी वाटली नाहीत.

गुरुवार

सकाळी आधी रेडीचा गणपती. द्विभुज, म्हणजे दोनच हातांचा, मोठी बसलेली मूर्ती, १९७६ मध्ये खाणीच्या भागात सापडली. खाण म्हणजे लोहखनिजाची, रेडीला त्यासाठी बंदरही आहे, आणि गावातली माती, झाडांची पानं, घरांचे चौथरे सगळ्यावर तो लालसर रंग बसलेला दिसतो. मग माउलीचं देऊळ, आणि तिथून यशवंतगड, म्हणजे रेडीचा किल्ला. गडावर जांभ्याच्या भिंतींना वडाच्या मुळ्यांनी असं धरलंय की भिंत कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. गडाची आता डागडुजी झालीये, फिरायला वाटा आहेत, नक्की जा.

पण गड बघायचा तो तेरेखोल समजून घ्यायला, म्हणून थोडा इतिहास सांगते. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, सतराव्या शतकात खेम सावंतांनी बांधलेला. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला, त्याच मोहिमेत रेडीही घेतलं. रेडी पुढे काही वर्षांत सावंतांनी परत मिळवलं (नंतर १७६५ ला ते इंग्रजांनी घेतलं, तो वेगळा विषय), तेरेखोल मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. पुढे १७८८ ला नदीपलीकडचा पेडणे महालही त्यांच्याकडे गेला आणि किल्ला मुख्य गोव्याला जोडला गेला. म्हणजे आज जी राज्याची हद्द रेडी आणि तेरेखोल यांच्यामधून जाते, ती अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी कोणता गड कोणाच्या हातात राहिला त्यावरून पडलेली रेघ आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, रेघ राहिली.

मामांच्या स्कूटरवर दोघी निघालो. रस्ता चढाचा, एका बाजूला काजूची कलमं, दुसरीकडे खाली समुद्र. हद्दीवर पाटी आहे, रस्त्याचं डांबर बदलतं, एवढंच. पलीकडे गेल्यावर उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेट बदलल्या, एमएच-०७ च्या जागी जीए, आणि मग लगेच एक पांढरा क्रूस दिसला, झेंडूच्या ताज्या माळेसकट.

गाव म्हणजे उतारावर विखुरलेली घरं, माड, फणस, एखादी विहीर, जांभ्याचे गडगे. घरांना पुढे बसायला ओटे, कौलारू छपरं, काही नव्याने बांधलेली स्लॅबची. दुपारी बाराच्या सुमाराला रस्त्यावर कोणी म्हणता कोणी नव्हतं. एका ओट्यावर एक वयस्कर बाई काजूबिया निवडत बसल्या होत्या, आम्ही पाणी मागितलं, त्यांनी आधी कुठल्या, कोणाच्या हे सगळं विचारून घेतलं आणि रेडीच्या मामांचं नाव ऐकल्यावर पाण्याच्या ऐवजी कोकम सरबत आलं. मैत्रीण त्यांना आंटी म्हणत होती म्हणून मीही आंटी म्हटलं.

आंटींशी मालवणीत बोललो, त्या कोकणीत बोलल्या, कोणालाच काही अडलं नाही. त्यांनी जे सांगितलं ते मी जवळजवळ तसंच लिहितेय: "आमची पंचायत पलतडी, मामलेदार पलतडी, सरकार पलतडी. आनी मीठ-मिरसांग हाडपाक रेडी." पलतड म्हणजे नदीचा पलीकडचा काठ, आणि मीठ-मिरची आणायला मात्र रेडी. तेरेखोलची पंचायत केरीबरोबर एकत्र, केरी नदीच्या दक्षिण काठावर. तालुका पेडणे, तोही पलीकडेच. आपल्याच राज्याच्या कचेरीत जाऊन यायचं तर दुसऱ्या राज्यातून सगळा वळसा घालून पूल गाठायचा, किंवा फेरीबोट. नदीचं पात्र तुम्ही इथून बघाल तर केरीच्या किनाऱ्यावरची माणसं दिसतात इतकं जवळ आहे, पण मध्ये पाणी आहे आणि पाण्याला वेळापत्रक आहे.

लॉकडाऊनचं त्यांनी आपणहून काढलं. २०२० मध्ये राज्यांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा बाकी देशाला ती टीव्हीवरची बातमी होती, इथे ती घराच्या मागच्या रस्त्यावर आली. रेडीतलं दुकान बंद, रेडीतले सोयरे बंद. "शेजारी परदेशी जाले," असं त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे.

या माणसांनी जमिनीसाठीही लढा दिलाय. वरच्या पठारावर गोल्फ कोर्स आणि रिसॉर्ट आणायचं घाटत होतं, दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा इथली कुळं कोर्टातही गेली आणि बागायतीत मशिनींसमोरही उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काजूची जमीन, कागद मात्र दुसऱ्याच्या नावाचे, ही गोव्याच्या कूळ-मुंडकार (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) प्रश्नाची जुनी दुखरी नस आहे. मला वाटतं एवढ्याशा वस्तीने एवढं ताणून धरलं याचं कौतुक जितकं व्हायला हवं होतं तितकं आपल्याकडे झालं नाही, कारण ती बातमी गोव्याची मानली गेली, आणि तिथून चार पावलांवरच्या रेडीच्या लोकांपलीकडे महाराष्ट्रात कोणी ती वाचली नसेल.

उतरत्या उन्हात किल्ल्यापाशी गेलो. किल्ला लहान आहे, आत अंगणात सेंट अँथनीचं चर्च, आणि कित्येक वर्षं तिथे हॉटेल चालवलं गेलं. बाहेरूनही नदीचं मुख आणि केरीची वाळू पूर्ण दिसते. १५ ऑगस्ट १९५४ ला गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आल्फ्रेड आफोंसो यांच्या तुकडीने हा किल्ला ताब्यात घेऊन इथे तिरंगा लावला होता. हातात शस्त्र नाही, समोर पोर्तुगीज पोलीस, एका दिवसापुरता का होईना झेंडा वर गेला, मग सगळ्यांना पकडून तुरुंगात टाकलं. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ ला, पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आज त्याच पत्रादेवीवरून आपण गोव्याला सुट्टीला जातो, हायवेला लागूनच स्मारक आहे, गाडी थांबवून पाच मिनिटं उतरा, एवढंच सांगते.

शुक्रवार

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. सकाळच्या फेरीला तेरेखोलातल्या बऱ्याच बायका होत्या, कोणाकडे नारळ, कोणाकडे कोकमाची सोलं, कोणाकडे फक्त रिकाम्या पिशव्या. फेरीबोट गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. गाड्या चढल्या, रॅम्प वर उचलला, आणि आपण कधी निघालो कळायच्या आत केरीला लागलोही.

म्हापशाच्या बाजाराबद्दल खूप जणांनी लिहिलंय त्यामुळे मी भरभर जाते. चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा, सुकं खारं, मातीची भांडी, मानकुराद आंबे नुकते यायला लागलेले आणि भाव ऐकून हात मागे घ्यावा असे. तेरेखोलच्या बायकांबरोबरच परतीची बस धरली, हरमलमार्गे केरी.

आणि इथे खरी गोष्ट कळली. सुकती होती. सुकती म्हणजे ओहोटी, आणि ह्या नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत, पाणी फार उतरलं की फेरीला खोली मिळत नाही, मग ती थांबते. बायका काही न बोलता धक्क्यावर सावली बघून बसल्या, पिशव्या एका रांगेत ठेवल्या, एकीने बाजारातली चणे-शेंगदाण्याची पुडी उघडली. कोणी चिडलं नाही, कोणी कोणाला फोन केला नाही. मी मात्र समोर तेरेखोलची घरं बघत होते, सकाळी ज्यांच्या अंगणातून आलो ती घरं, आणि डोक्यात एकच चाललं होतं की ह्यातल्या एखादीला रात्री कळा सुरू झाल्या तर? एखाद्याच्या छातीत दुखलं तर?

विचारलं. उत्तर असं की मग रेडी-शिरोड्याची वाट आहे, गाडी काढायची. आणि गंमत अशी नाही तर उलटं दुःख असं की रेडी-शिरोड्याची माणसं मोठं दुखणं आलं की गोव्यात जातात, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. सगळा सिंधुदुर्ग वर्षानुवर्षं तिथेच जातो, मामींचं ऑपरेशनही तिथलंच. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटना तिथे फी लागू झाली तेव्हा आमच्या भागात केवढी खळबळ झाली होती. म्हणजे तेरेखोलचा माणूस अर्ध्या रात्री महाराष्ट्रातून गोव्याला जाणार आणि रेडीचा माणूसही गोव्यालाच जाणार, दोघंही त्याच रस्त्याने, फक्त कागदावर एक घरचा आणि एक बाहेरचा. ज्यांनी हे नियम केले त्यांनी एकदा ह्या धक्क्यावर सुकतीच्या वेळी येऊन बसावं असं मला मनापासून वाटतं.

मधल्या वेळात आम्ही केरीच्या टोकाला आजोबाच्या देवळात जाऊन आलो. समुद्राला लागून सुरूच्या बनाजवळ. आजोबा हा राखणदार, होड्यांवर त्याची नजर असते असं मानतात. परत आलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं, आधी काठाचा चिखल भिजला, मग रॅम्पच्या खालचे शिंपले गेले, आणि फेरीचं इंजिन सुरू झालं.

शनिवार

आजचा दिवस भाटीचा, म्हणजे काजूची दारू गाळतात त्या जागेचा. फेरीवरून स्कूटर घेऊन केरीपलीकडच्या डोंगरात गेलो, मामांच्या ओळखीच्या एकांची तिथे काजूची भाटी आहे, एक्साइजच्या परवान्याची.

झाडावरून बोंडू तोडायचं नाही, पिकून आपोआप खाली पडलं तेच उचलायचं, हा पहिला नियम. बी पिळून वेगळी करायची. मग बोंडवं कोळंबीत, म्हणजे दगडात कोरलेल्या किंवा बांधलेल्या कुंडात, टाकून पायांनी तुडवायची. रस निघाल्यावर उरलेल्या चोथ्याची ढेप करून दोरीने आवळतात, वर दगड ठेवतात, आणि त्यातून जो सावकाश थेंब थेंब गळतो तो निरो. थंडगार, गोड, घशाला किंचित खवखव लावणारा, मी दोन ग्लास प्यायले. तुडवलेला रस काही दिवस आंबवतात, मग तांब्याच्या भाणात चढवतात, खाली लाकडाचा जाळ, वाफ नळीतून पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरते. पहिल्या धारेचा तो हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भाटीवाले काका बोलत कमी होते पण जाळ किती हवा हे ते आवाजावरून ओळखत होते, फाटी आत सारायची की मागे ओढायची ते न बघता सांगत होते.

आता ह्यातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, तो हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच रुजला. उलट आपल्याकडे वेंगुर्ल्याला १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे, तिथल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ह्या कलमांनी सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांचं वर्ष चालतं. पण आपल्याकडे पैसा फक्त बीचा. बोंडू झाडाखाली कुजतं. डोंगरच्या डोंगर बोंडवांचे, आंबलेले, माशा घोंघावतायत, असं मी रेडीत बघितलं आणि स्कूटरवरून थोडं पुढे हद्दीपलीकडे त्याच बोंडवाचा हुर्राक होऊन विकला जातो. काही बागायतदार टेम्पो भरून गोव्यात पाठवतात, पण बोंडू लवकर मऊ पडतं, वाहतुकीला टिकत नाही, आणि भाव समोरचा ठरवतो. सरबत, सिरप, जाम करणारे बचतगट आहेत, मामीसुद्धा सिरप करतात, पण एकूण पिकाच्या मानाने ते फारच थोडं. मामांचं म्हणणं, "बीयेचो दर पडलो की आमी मेलो, पलतडी बोंडू तरी सांबाळता." हे मला पटतं. दारूचं समर्थन की विरोध हा प्रश्न बाजूला ठेवा, निदान रसाचे छोटे कारखाने गावोगाव, बागेच्या शेजारी, का निघू नयेत? माल इथे, माणसं इथे, कलमं लावायचं ज्ञान इथलं.

परतीला संध्याकाळची शेवटून दुसरी फेरी मिळाली. आंटींसाठी म्हापशाहून आणलेलं खाजं द्यायला थांबलो तर त्यांनी आम्हाला जेवायलाच बसवलं, तिसऱ्यांचं सुकं आणि पाव. तिसरे म्हणजे शिंपले, ते कोणीतरी त्याच दुपारी नदीत काढलेले.

रविवार

निघायचा दिवस, पण गाडी रात्रीची, म्हणून आरोंद्याला वाकडी वाट केली. तेरेखोल नदी वर मनोहरगडाच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, बांद्याजवळून येते, आणि आरोंद्यापाशी ती इतकी रुंद आणि संथ होते की वारा नसेल तर वाहतेय की नाही समजत नाही. सातेरी भद्रकालीच्या देवळात गेलो, मग किरणपाण्याला. किरणपाणी दोन्ही काठांना आहे, नाव एकच. पूर्वी इथे होडीने जावं लागायचं, आता पूल आहे.

पुलाच्या मध्ये उभं राहिलं की दोन्हीकडे कांदळवन दिसतं. पांढरी चिप्पी इथे खूप आहे, जी २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली. एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते, त्यांना विचारलं की पूल झाल्याने काय फरक पडला. म्हणाले, नात पलतडी दिली आणि ती आठवड्यातून दोनदा घरी येते, त्यांच्या बहिणीला त्याच गावात दिली होती तेव्हा ती वर्षाला एकदा गणपतीत यायची. आता मोपाचं विमानतळही पलीकडेच, त्यांचा नातू तिथे कामाला लागलाय, सकाळी पुलावरून जातो आणि रात्री जेवायला घरी.

हे ऐकताना मला तेरेखोलच आठवत होतं. एकच नदी, एकच राज्यरेषा, इथे पूल आहे तर पलतड म्हणजे शेजार आहे आणि खाली मुखाशी फेरी आहे तर पलतड म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम आहे. गाव दुर्गम आहे की नाही हे किलोमीटरवर ठरत नाही, ओलांडायची सोय कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

कोणाला जायचं असेल तर: सावंतवाडी रोडला उतरा, शिरोडा किंवा रेडीत मुक्काम करा, दोन्हीकडे घरगुती राहायची सोय होते. तेरेखोलला रेडीच्या रस्त्याने जा आणि फेरीने केरीला उतरा, म्हणजे दोन्ही बाजू कळतील, पण आधी भरती-ओहोटीची वेळ धक्क्यावर विचारून घ्या. मार्च-एप्रिल ऊन फार लागतं, पण काजू बघायचा तर तेव्हाच. गावात दुकान शोधू नका, पाणी आणि खाणं रेडीतून न्या, आणि प्लास्टिक परत आणा, कारण तिथून कचरा उचलणारी गाडीही बहुधा नदी ओलांडूनच यावी लागेल.